याकूबभाईंचं बंदर

हॉटेलात शिरण्याआधी याकूबभाई सोलकर आत जेवणाऱ्यांचे पाय बघायचे. मेन्यूकार्ड नाही, स्वच्छता नाही, भाव तर नाहीच. कमरेत वाकायचं, काचेला नाक लावायचं आणि टेबलाखालचे पाय न्याहाळायचे. मी दुबईजवळच्या रास अल खैमातल्या ऑफिसात नवीन लागले, तेव्हा आमचे साहेब नायरसर सगळ्यांना खाडीकाठच्या एका चकाचक हॉटेलात घेऊन गेले होते. मासा पासष्ट दिरहम, म्हणजे जवळजवळ पंधराशे रुपये, असा हिशेब मी मोठ्याने करतेय, तोच दारातून याकूबभाईंची हाक आली, "बाय, ऊठ! सगळे बूट पांढरे हायत. टूरिस्ट लोक. खलास, चला पुढे."

आणि गंमत बघा, नायरसरांसकट आम्ही सगळे मुकाट्याने उठलो. मागच्या गल्लीतल्या इराणी खानावळीत, सिमेंटने माखलेल्या बुटांच्या शेजारी बसून मी जो मासा खाल्ला, त्याला तोड नव्हती. मी अलिबागची, माशांच्या बाबतीत सहजासहजी कुणाचं कौतुक करत नाही. "पाण्यासमोर बसलीस की पाण्याचं बिलपण तुझ्याच नावावर," याकूबभाई काटे काढता काढता म्हणाले. "जेवायचं तर पाण्याकडे पाठ करून."

याकूबभाई दाभोळच्या खाडीकाठचे. उमेदीची वर्षं जहाजावर काढली, मग गुडघ्याने दगा दिला आणि ते आमच्या टाइल्स निर्यात करणाऱ्या कंपनीत शिपिंगच्या टेबलावर येऊन बसले. म्हणजे टेबलावर कमी, दुसऱ्यांच्या डब्यात जास्त. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी माझ्याशी हिंदी बोलणं जे टाकलं, ते टाकलंच. माझं नाव मानसी आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे. मी 'बाय' होते. माझी मुलगी रिया त्यांना इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि ते तिला म्हणायचे, "हबीबी, जेवताना मराठी बोल, घास नीट उतरतो." ती खिदळत "ओके, अंकल" म्हणायची, आणि पुढचं वाक्य पुन्हा इंग्रजीत.

पण याकूबभाईंची खरी पत होती ती एका गावावर. तुर्कस्तानात, भूमध्य समुद्रावर एक छोटं बंदर आहे. नाव सांगत नाही. तुम्ही जाल आणि तिथले भाव वाढवून ठेवाल. त्या बंदरात कुठे खावं आणि कुठे खाऊ नये, हे याकूबभाईंइतकं दुनियेत कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडून तुर्कस्तानची स्वस्तात तिकिटं मिळतात, त्यामुळे ईदच्या सुट्टीत कुणी ना कुणी तिकडे निघायचंच. त्याला याकूबभाई समोर बसवायचे आणि टेबलावर गाव मांडायचे. स्टेपलर म्हणजे जहाज. चहाचा कप म्हणजे मासळीबाजार. फूटपट्टी म्हणजे धक्क्यापासून सरळ वर चढणारी गल्ली. "धक्क्यावरची सगळी हॉटेलं सोड. गल्लीत वर जा, उजव्या हाताला निळं दार. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापडी छप्पर. बाहेर निखाऱ्यावर मासा भाजतात. मालक जाडा हाय. त्याची पाव काढायची स्टाइल बघ नुसती. लोक जेवतात, आणि पुन्हा येतात. पयल्यांदा कुणीपण फसतो. दुसऱ्यांदा कोण येतो, ते बघायचं."

अकाउंट्समधला फिलिपिनो जोएल तिथे जाऊन आला आणि याकूबभाईंचा हात हातात घेऊन म्हणाला, "भाई, बेस्ट फिश!" तक्रार एकच होती. भाईंचं उजवं म्हणजे डावं निघालं, आणि तो बायकापोरांना घेऊन तासभर फिरत बसला. याकूबभाई उलट त्याच्यावरच उखडले. "तू जमिनीकडून गेलास. चूक तुझी हाय."

जमिनीकडून नाहीतर काय आभाळातून जायचं? पण तेव्हा आम्ही हसलो आणि विसरून गेलो.

मग एक दिवस त्याच बंदरातल्या एका व्यापाऱ्याने आमच्या टाइल्स घ्यायची तयारी दाखवली. नायरसर खुशीत आले. "मानसी जाएगी. और साथ में याकूबभाई. उनका तो अपना शहर है!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी याकूबभाईंकडे बघितलं, तर त्यांचा चेहरा पार उतरलेला. दुसऱ्या दिवसापासून सबबी सुरू झाल्या. गुडघा. शुगर. चिपळूणला पुतणीचा निकाह. पासपोर्टवरचा फोटो आता आपल्यासारखा दिसत नाही, हेसुद्धा सांगून झालं. मी म्हटलं, "याकूबभाई, येताय ना?" तर म्हणाले, "इन्शाल्ला, बघू." हा 'इन्शाल्ला बघू' गल्फमध्ये राहिलेल्या माणसाला बरोबर कळतो. त्याचा अर्थ 'नाही' असा असतो. पण मीही हट्टाला पेटले. ज्या माशाची इतकी वर्षं तोंडभर तारीफ ऐकली, तो त्यांच्याच पंक्तीला बसून खायचा होता मला. व्हिसापासून औषधांच्या डबीपर्यंत सगळं मीच केलं आणि त्यांना जवळजवळ उचलून विमानात बसवलं.

मीटिंग उत्तम झाली. दुपारी भूक सपाटून लागली होती. "चला, न्या आता तुमच्या निळ्या दारात," मी म्हटलं. याकूबभाई ऐटीत निघाले. एक गल्ली, दुसरी गल्ली, एक मशीद, एक औषधांचं दुकान. पुन्हा तेच औषधांचं दुकान. मग तिसऱ्यांदाही तेच! दुकानदार आता आम्हाला ओळखून मान हलवायला लागला होता. भुकेने माझं डोकं फिरलं आणि मी भर रस्त्यात ओरडले, "याकूबभाई, तुम्ही या गावात आला होतात की नव्हतात?"

ते एका पायरीवर बसले. गुडघा चोळू लागले.

"आलो होतो," ते म्हणाले. "उतरलो नाय."

मला कळेचना. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या जहाजाच्या मालकाने दिवाळं काढलं आणि बंदराने जहाज अडकवून ठेवलं. खलाशांना खाली उतरायची परवानगी नव्हती. अख्खा हिवाळा ते धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर डेकवर बसून होते. आधी डाळभात होता, मग डाळ संपली. "दुपारी आमी सगळे रेलिंगला. दुर्बीण एकच. ती माझ्याकडे असायची, कारण मला सांगता यायचं. आज अमुक मासा भाजलाय, पाव फुगलाय, पोलीस दुसऱ्यांदा आला जेवायला, असं मी सांगायचो आणि पोरं ते ऐकत ऐकत कोरडा भात गिळायची. त्या छपरामुळे लोकांची तोंडं दिसत नव्हती, बाय. फक्त पाय दिसायचे. कुणाचे पाय रोज येतात, ते मी ध्यानात ठेवायचो."

म्हणजे काचेला नाक लावून पाय बघायची ती खोड इथली होती! आणि मला एकदम लक्षात आलं, की इतक्या वर्षांत या माणसाने तो मासा कसा दिसतो ते शंभरदा सांगितलं होतं, पण चवीला कसा लागतो ते कधीच सांगितलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. एखाद्याने त्या गावाचं नाव जन्मात काढलं नसतं, आणि हा बाबा आल्यागेल्याला तिथे जेवायला पाठवत होता.

"ऑफिसात सांगू नको गो," ते खाली बघत म्हणाले. "मी तिथं दुसरं काय हाय? याकूब सांगतो तिथं जेवा, एवढंच हाय माझं."

"ते नंतर बघू. आधी उठा. तुम्हाला समुद्राकडून दिसतं ना गाव? मग समुद्राकडून बघू."

धक्क्यावर टूरिस्टांना फिरवणाऱ्या लाँच होत्या. एकीत आम्ही चढलो. लाँच थोडी आत गेली आणि याकूबभाई उठून उभे राहिले. दोन्ही मुठींची दुर्बीण करून डोळ्यांना लावली. "तो मासळीबाजार... ती गल्ली... बाय! बाय, ते बघ छप्पर!" लाल-पांढरं. विटलेलं, पण तेच. मीही लहान पोरीसारखी ओरडले. आजूबाजूच्या गोऱ्या बायका आम्ही डॉल्फिन बघितला असं समजून फोन काढायला लागल्या.

निळ्या दारासमोर मात्र त्यांचे पाय अडले. जाडा मालक नव्हताच. एक तरुण बाई निखारे फुंकत होती. तिने आमच्याकडे, कुठल्याही गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं आणि टेबल दाखवलं.

"वाईट निघाला तर?" याकूबभाई हळूच म्हणाले. "किती लोकांना पाठवलाय मी हितं."

"यल्ला, चला! बसा आता."

मासा आला. पाव आला, पांढऱ्या घेवड्याची उसळ आली. मी आधी खाल्लं, कारण ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मी मान डोलावली. मग त्यांनी घास घेतला. मान खाली घालून, काटा न् काटा चोखून त्यांनी ताटली साफ केली. पावाने पुसून घेतली. डोळे पुसले. मग बाईला हात केला आणि पुन्हा तेच सगळं मागवलं.

"शुगर, याकूबभाई!"

"ही ताटली तेव्हाची होती," ते म्हणाले. "आता आजची खातो."

विमानात त्यांनी विचारलं, "ऑफिसात काय सांगशील?" मी म्हटलं, "इन्शाल्ला, बघू." माझ्यातला खट्याळपणा तेवढा राहणारच. त्याचा परिणाम असा झाला की पुढचे कितीतरी आठवडे माझ्या टेबलावर सकाळी आयता डबा. कधी सांदणं, कधी तिसऱ्यांचं सुकं, एकदा तर चक्क खेकडे. मी निर्लज्जासारखी सगळं खाल्लं आणि काहीच कबूल केलं नाही.

मग गुडघ्याने शेवटचं सांगितलं आणि याकूबभाई कायमचे दाभोळला निघाले. निरोपाचं जेवण त्याच इराणी खानावळीत ठेवलं होतं. भाषणं झाली. नायरसर आपला रुमाल शोधायला लागले. आणि जोएलला नेमकं तेव्हाच आठवलं. "मानसी, यू नेव्हर टोल्ड अस! त्या हॉटेलवाल्याने भाईंना ओळखलं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. याकूबभाई मात्र ताटलीकडे. त्यांच्या हातातला पाव थांबला होता. मी फटकळ म्हणून ऑफिसात बदनाम आहे. तोंडावर खरं बोलते, आणि त्याचे चटकेही खाल्लेत. ते त्यांना चांगलंच माहीत होतं.

"ओळखलं म्हणजे काय!" मी उभीच राहिले. "तो जाडा मालक हातातला चिमटा टाकून धावत आला. 'याकूब, याकूब' करत अशी मिठी मारली, की मला वाटलं याकूबभाईंच्या बरगड्या मोडतात. म्हणाला, इतकी वर्षं होतास कुठे? तुझं टेबल रिकामं ठेवलंय! आणि बिल? बिलाचं नाव काढू देईना."

टाळ्यांनी खानावळ दणाणली. जोएलने शिट्टी मारली. याकूबभाईंनी डोळ्यांवर आडवा हात फिरवला, दोनदा खाकरले आणि माझ्याकडे झुकून, अगदी गंभीरपणे कुजबुजले,

"मिठी एवढी घट्ट नव्हती गो, बाय."