खुर्चीला धीर देणारी गंगाक्का

कुणाच्याही घरी गेली की माझी आत्या बसायच्या आधी खुर्चीशी बोलायची. पाठीवर हलकेच थोपटायची आणि म्हणायची, "धीर धर, बाबा." मग बसायची. खुर्ची कण्हायची, घरातले लोक छताकडे बघायचे आणि आत्या पदराने वारा घेत विचारायची, "चहा ठेवला का नुसतं छताकडंच बघून राहिलात?" उदगीरच्या बाजारात तिला सगळे गंगाक्का म्हणत. ती रिक्षात बसली की पुढचं चाक जमिनीवरून उठतं, असं रिक्षावाले सांगत. लोकांना अतिशयोक्तीची फार सवय. मी स्वतः पाहिलंय, वीतभरच उठायचं.

मी तिच्या भावाची मुलगी. आमच्या खेड्यात शाळा चौथीपर्यंतच, म्हणून पाचवीपासून तिच्याकडे राहिले. तिची सुमन माझ्याच वर्गात होती आणि ती वडिलांवर गेली होती. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, इतके बारीक की किराणा दुकानात तराजूमागे उभे असले तरी गिऱ्हाईक विचारायचं, "शेठ कुठं गेले?" मी मात्र थेट आत्यावर गेले होते. तेच गाल, तीच हनुवटी, आणि हनुवटीखाली तीच दुसरी हनुवटी. आत्याच्या घरी लेकरांना एकच ताट वाढायची रीत. भाकरीतली अर्धी सुमनची, अर्धी माझी. तिची अर्धी कुठे जायची ते महादेवालाच ठाऊक. माझी कुठे जायची ते साऱ्या उदगीरला दिसायचं.

लातूर नवा जिल्हा झाला आणि पावसाने तोंड फिरवलं. विहिरी अशा आटल्या की त्यांतले बेडूक बिऱ्हाड घेऊन आमच्या मोरीत राहायला आले. एक मंत्री दुष्काळ बघायला येणार असं कळलं. शाळेच्या मैदानावर स्वागत आणि मुलींचं लेझीम ठरलं. मी पहिल्या रांगेत, मधोमध. फुशारकी मारत नाही, पण माझा पाय चुकला तर अख्खी रांग चुकायची. कवायतीच्या मास्तरांनी ऐनवेळी मला बाहेर काढलं.

"आपल्याला दुष्काळाची मदत मागायची हाय," ते सगळ्यांसमोर म्हणाले, "आन पुढं ही उभी. साहेब म्हणतील, इथं तर सुगी दिसून राहिली."

सगळ्या हसल्या. सुमनने लेझीम खाली ठेवलं आणि ती माझ्याबरोबर घरी आली.

आत्या तशीच शाळेत गेली. मास्तरांच्याच खुर्चीला धीर देऊन तीत बसली.

"मास्तर, पोरीला कामून काढलं?"

"अक्का, राग नका मानू. भावाची लेक म्हणून तुम्ही तिला चोरून लोणी चारता, गाव बोलून राहिलं. तुमची सुमन बघा, काडी झाली."

"लोणी? म्हैस कवाच आटली, मास्तर. उद्या दुपारी जेवायला या. डोळ्यांनी बघा."

मास्तर आले. समोर आमचं एक ताट, ज्वारीची भाकरी, हुलग्याचं पिठलं. त्यांची नजर ताटावरून माझ्या तोंडाकडे, तिथून सुमनच्या तोंडाकडे अशी फिरत होती. बघण्याच्या नादात ते स्वतः किती भाकरी जेवले याचं त्यांना भान राहिलं नाही. आम्ही केव्हाच हात धुतले होते.

"पोरींचं झालं," आत्या म्हणाली. "आता तुमच्याकडं बघत बसू का?"

मास्तर ओशाळून हसले. तेव्हा ती खालच्या आवाजात बोलली. "आमची अव्वा, माझी आई, अशीच होती. तिच्याकडून मला आलं, भावाला आलं, त्याच्याकडून हिला. आमच्या घरात सोनं उतरलं न्हाई, हे उतरलं. आजीचं नाक घेऊन आलेल्या पोरीला कुणी रांगेतून काढत न्हाई. मग हिलाच कामून?"

"पटलं, अक्का. पण साहेबांना कोण समजावणार?"

"मी हाय की."

मंत्री आले, तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. लेझीम थांबलं. साहेब माझ्यापुढे उभे राहिले, हसले आणि मास्तरांना म्हणाले, "हिच्या गल्लीत दुष्काळ पोचला नाही वाटतं."

मास्तर मान उंच करून आत्याला शोधायला लागले. तेवढ्यात बायकांची गर्दी फाटली आणि आत्या पुढे आली.

"साहेब, दुष्काळ बघायचा तर विहिरीत वाकून बघा. लेकराच्या पोटाकडं काय बघता? हे पोट आमच्या अव्वाचं हाय. निजामाच्या राज्यात बी एवढंच होतं."

साहेबांचं हसू मावळलं आणि त्यांनी विचारलं, "विहीर कुठं आहे?" सगळा लवाजमा तिकडे निघाला. साहेब वाकले आणि त्यांची टोपी आत पडली. गडी उतरवून काढली, तर ती कोरडी. पुढे टँकर आला तो आपल्यामुळे, असं आत्या मरेपर्यंत सांगायची. मीही तसंच सांगते.

माझी मुलगी माझ्यावरच गेली. तिलाही शाळेत हसायला लागले तेव्हा तिला लातूरच्या डॉक्टरांकडे नेलं. म्हातारी आत्या हट्टाने बरोबर आली. डॉक्टर म्हणाले, "हे बरंचसं जनुकांतून येतं, लेकराचा दोष नाही. पण सगळंच जनुकांवर ढकलू नका. गोड कमी करा, खेळू द्या."

"पहिलं बोललात ते हिच्या शाळेत येऊन सांगा," आत्या म्हणाली. "दुसरं आम्ही बघतो." आणि तिने बघितलंही. रोज संध्याकाळी अंगणात बसून ती माझ्या मुलीला लेझीम खेळायला लावायची आणि ताल चुकला की स्वतः टाळ्या वाजवायची.

आत्या गेली. आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत, दांड्या बांधून सजवलेल्या खुर्चीत बसवून खांद्यावर नेतात. आत्याला बसवायची वेळ आली तसा भावकीत कुजबुजाट सुरू झाला. कुणी म्हणालं, झेपायचं नाही, टेम्पो लावा.

सुमनने पदर खोचला. ती अजून तशीच, काडी. "आई खांद्यावरच जाईल," ती म्हणाली आणि पुढच्या दांडीपाशी जाऊन उभी राहिली. दुसरी दांडी मी धरली. मग बाप्ये माणसं मुकाट्याने मागे आली.

उचलायच्या आधी मी खुर्चीच्या पाठीवर थोपटलं. "धीर धर, बाबा," म्हणाले.

खरं सांगते, खुर्ची कण्हली नाही.