दादाच्या स्कूटरचा दिवा

शनिवारी सकाळी माझं काम एकच असायचं. क्लबच्या भिंतीवरची हिरवी पेटी काढायची, मैदानाच्या कडेला न्यायची आणि आमच्या टीमच्या बाकाखाली ठेवायची. मॅच संपली की परत भिंतीवर. त्या पेटीत हृदय बंद पडलं तर छातीला विजेचा झटका देणारं यंत्र होतं. पालकांच्या ड्यूटीच्या यादीत कोणाला संत्री कापायची होती, कोणाला पाण्याच्या बाटल्या भरायच्या होत्या, आणि मला ही हमाली. मी पुण्याचा, त्यात नाकावर राग, त्यामुळे काम करायचं पण कुरकुरत करायचं ही माझी जुनी खोड.

न्यूझीलंडमधल्या अप्पर हटला येऊन आम्हाला सोळा वर्षं झाली. इथे पोरं चालायला लागली की रग्बी खेळतात, पण आमच्या चिरंजीवांनी निवडलं अमेरिकन फुटबॉल. इथे त्याला ग्रिडआयर्न म्हणतात. हेल्मेट, खांद्यावर प्लास्टिकचं चिलखत, धडकाधडकी आणि घडीघडीला शिट्टी. मी विचारायचो, अरे हा खेळ आहे की पानिपत? तो म्हणायचा, "चिल, डॅड." सतरा वर्षांचा आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं.

टीमची ट्रेनर म्हणजे एक शाळामास्तरीण, जाडजूड, मोठ्या आवाजाची. सुरक्षेच्या बाबतीत बाई भलतीच कडक. सीझन सुरू व्हायच्या आधी तिने आम्हा सगळ्या पालकांकडून कवायत करून घेतली होती. कोणी पडलं तर १११ला फोन कोण करणार, अँब्युलन्ससाठी मागचं फाटक कोण उघडणार, पेटी कोण आणणार. कमरेला ती कायम एक मोठी कात्री लावून असायची, चिलखताच्या नाड्या कापायला. मी बायकोला म्हटलं होतं, या बाईला धडधाकट पोरांत मयतच दिसतं. बायको म्हणाली होती, तू गप पेटी उचल.

आता फॉर्मबद्दल सांगतो, कारण सगळं तिथेच अडकलंय.

ऑगस्टमध्ये क्लबचा फॉर्म भरायचा होता. बायको लॅपटॉप घेऊन ओट्याशी बसली होती, मी भेंडी चिरत होतो. ती एकेक प्रश्न वाचत होती. दमा? नाही. फिट येते? नाही. मग तिने वाचलं, जवळच्या नात्यात पन्नाशीच्या आत कोणी अचानक हृदयामुळे गेलं आहे का? मी म्हटलं, नाही. ती क्षणभर थांबली. तुझा दादा, असं म्हणाली आणि लगेच स्वतःच पुढे म्हणाली, पण तो तर स्कूटरचा ॲक्सिडेंट. मी हं म्हटलं. तिने 'नाही'पुढे टिक केली. भेंडी चिरून झाली, फोडणीला टाकली, आम्ही जेवलो.

माझा मोठा भाऊ सव्विसाव्या वर्षी गेला. स्कूटरवरून पडला, डोक्याला मार लागला, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. माझ्या बायकोलाही लग्नाआधी हेच सांगितलं. खरं असं की दादा कंपनीतल्या मित्रांबरोबर भोसरीच्या मैदानावर क्रिकेट खेळत होता. मी अठरा वर्षांचा, त्याच्यामागे गेलो होतो बघायला. दोन धावा पळून काढल्या, बॅट टेकली आणि पडला. सगळे धावले. कोणीतरी म्हणालं फिट आली. एकाने चप्पल काढून नाकाला लावली, दुसऱ्याने समोरच्या गाडीवरून कांदा आणून फोडला आणि हुंगायला धरला. मी तोंडावर पाणी मारत होतो. छातीला कोणी हात लावला नाही. लावायचा असतो हे माहीतच नव्हतं कोणाला. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, हृदय. एवढ्या तरुण मुलात म्हणजे जन्माचंच काहीतरी असणार, घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या.

त्या आठवड्यात ताईला बघायला पाहुणे यायचे होते. बाबा तिथेच व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते. रडत नव्हते. मला बाजूला घेऊन म्हणाले, घरात हृदयाचं दुखणं आहे असं कळलं तर तुझ्या ताईला कोण करून घेईल? झाकली मूठ सव्वा लाखाची. मग म्हणाले, जा, मैदानावरून त्याची स्कूटर घेऊन ये, आणि येताना तिचं काहीतरी मोड.

मी स्कूटर आणली. आमच्या गल्लीच्या अलीकडे थांबलो, आडवी पाडली आणि दगडाने हेडलाइट फोडला. पहिल्या घावात फुटला नाही. तीन घाव घालावे लागले. सोसायटीतल्या लोकांनी नंतर ती स्कूटर बघितली आणि हळहळले. खेळणारे सगळे कंपनीतले, आमच्याकडे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. ताईचं बघणं चार महिने पुढे गेलं, पण लग्न झालं. तपासून कोणीच घेतलं नाही. तपासायला गेलो असतो तर कोणीतरी बघितलं असतं ना.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी वारा नेहमीसारखा सुटला होता आणि बारीक पाऊस होता. मनात आलं, आज पेटी राहू दे भिंतीवर, कशाला भिजवा. ती मी नेली, पण ती काही माझ्या शहाणपणाने नव्हे. ट्रेनरबाई दारातच उभी होती म्हणून.

दुसरा भाग चालू होता. धडकाधडकी झाली, शिट्टी झाली, सगळे उठले. माझा मुलगाही उठला. दोन पावलं चालला आणि गुडघ्यावर आला, मग तोंडावर. त्याला कोणी ढकललं नव्हतं. मी बाकाजवळची पाण्याची बाटली उचलली आणि धावलो. त्याची मान वळवली आणि हेल्मेटच्या जाळीतून तोंडावर पाणी ओतायला लागलो. एवढी वर्षं इथे राहून, एवढी कवायत करून, मी पाणी ओतत होतो.

ट्रेनरबाईने मला खांद्याने बाजूला केलं. त्याला उताणा केला, जर्सी गळ्यापासून खालपर्यंत कापली, चिलखताच्या नाड्या कापल्या, दोन्ही बाजूंना उघडलं आणि छाती दाबायला लागली. मोठ्याने आकडे मोजत होती. पेटी म्हणून ओरडली. ते माझं काम होतं. माझ्या हातात बाटली होती. दुसऱ्याच कोणाच्या तरी वडिलांनी बाकाखालून पेटी आणली. यंत्र शांतपणे बोलत होतं, एका बाईच्या आवाजात, लांब व्हा, लांब व्हा. मुलाचं अंग उडालं. ती परत दाबायला लागली. मग त्याने एक घाणेरडा आवाज काढला, घोरल्यासारखा, आणि तिने दाबायचं थांबवलं.

मला काही वाटत नव्हतं. लोक सांगतात, हातपाय गळाले, डोळ्यांपुढे अंधारी आली. माझं तसं काही झालं नाही. मी तिच्या कात्रीकडे बघत होतो आणि विचार करत होतो, की जर्सी क्लबची आहे, परत करावी लागेल.

हॉस्पिटलात त्याला आत घेतलं. बायको तोवर थेट कामावरून आली होती, गळ्यात फार्मसीचा बिल्ला तसाच. एक तरुण डॉक्टर आली, खुर्ची ओढून आमच्यासमोर बसली. तो जिवंत आहे, झोपवून ठेवलाय, मेंदूला किती त्रास झाला ते उद्या कळेल, असं म्हणाली. मग कागद काढला आणि तोच प्रश्न विचारला. नात्यात कोणी तरुणपणी अचानक?

बायको म्हणाली, नो. हिज ब्रदर डाइड यंग, बट दॅट वॉज ॲन ॲक्सिडेंट.

माझं इंग्रजी चांगलं आहे. पंचवीस वर्षं मी इंग्रजीत मीटिंगा केल्यात, भांडलोय इंग्रजीत. पण त्या वेळी तोंडातून मराठीच आलं, आणि ते मी डॉक्टरला नाही, बायकोला सांगितलं.

"ॲक्सिडेंट नव्हता. क्रिकेट खेळताना गेला तो. हृदय बंद पडलं. मला माहीत होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरने पेन तसंच धरलं होतं, तिला काही कळलं नव्हतं. मग बायको तिच्याकडे वळली आणि माझं वाक्य इंग्रजीत सांगितलं. सगळं, नीट, औषधाची मात्रा समजावून सांगते ना पेशंटला, तसं. शेवटचं "ही न्यू"सुद्धा. डॉक्टरने लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा जागा झाला. मला ओळखलं, आईला ओळखलं, मॅच कोण जिंकलं ते विचारलं. हृदयाचा स्नायू जाड आहे म्हणाले, जन्मापासूनच, आईबापाकडून येतं. माझीही तपासणी केली. माझाही जाडच निघाला, पण थोडा. मला पन्नास वर्षांत काही झालं नाही, ते नशीब. मुलाच्या छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवलं, पुन्हा तसं झालं तर आतूनच झटका देणारं. खेळ बंद. एरवी मी हॉस्पिटलच्या पार्किंगवरूनसुद्धा चार माणसांशी वाद घातला असता. आता कोणी काही म्हटलं की ओके म्हणत होतो. राग कुठे गेला होता कोण जाणे. तो असता तर बरं वाटलं असतं.

बायको माझ्याशी कामापुरतं बोलत होती. डबा आणलाय. गोळी दोन वाजता. चौथ्या दिवशी, कपड्यांच्या घड्या घालता घालता, ती म्हणाली, "त्या फॉर्मवर टिक मी केली. माझ्या हाताने." एवढंच. मला तिने शिव्या घातल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. ती घड्या घालत राहिली.

मुलाने घरी आल्यावर विचारलं. सोफ्यावर पडला होता, डावा हात उचलायचा नाही म्हणून उशीवर ठेवलेला. "डिड यू नो, डॅड?" मी हो म्हटलं. त्याने छातीवरच्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग विचारलं, काका बॅटिंग कशी करायचा. इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. ॲक्सिडेंटमध्ये गेलेल्या माणसाची बॅटिंग कोण विचारणार? मी सांगितलं, ऑफला बरा होता, पळायचा मात्र हावरटासारखा. तो थोडा हसला.

डॉक्टरांनी पत्र दिलं होतं, रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांनी तपासून घ्या म्हणून. रक्ताचे नातेवाईक म्हणजे आता ताई आणि तिची मुलगी. आईबाबा दोघंही गेले. दादाचं खरं पहिल्यापासून माहीत असलेले आम्ही दोघंच उरलो, ताई आणि मी. मी रविवारी तिला फोन केला. मुलाचं तिला आधीच कळलं होतं, ती रडली, देवाला बोललेय म्हणाली. मग मी पत्राचं सांगितलं. तू हृदयाचा एको करून घे, पोरीचाही कर, ती तर रोज पहाटे पळायला जाते.

मागे ताईच्या कुकरची शिट्टी झाली.

"अरे, एप्रिलमध्ये तिचा साखरपुडा आहे," ती म्हणाली. "एवढं लग्न होऊन जाऊ दे. मग करू की सगळं."

मला ओरडायचं होतं, मनापासून. ओरडायचं तोंड मात्र मला नव्हतं. हे वाक्य मी ओळखत होतो, फक्त ते बाबांच्या ऐवजी ताईच्या आवाजात आलं होतं. आणि तिला तरी काय बोलणार? तिच्याच लग्नासाठी तर केलं होतं सगळं. तिने मला बजावलं, की पोरीला यातलं काही बोलू नकोस, उगाच घाबरेल. मी म्हटलं, बघतो.

फोन ठेवला. पुण्यात तेव्हा सकाळ होती, भाची पळून आली असणार. बायको समोरच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. माझा फोन तिने उचलला, भाचीचं नाव उघडलं आणि माझ्या हातात दिला.

मी व्हॉइस मेसेजचं बटण दाबून धरलं. म्हटलं, बाळा, मामा बोलतोय. आज पळायला गेली असशील, उद्या जाऊ नकोस, आधी हृदयाची तपासणी करून घे. आई नको म्हणेल. तरी कर. तुझा मोठा मामा स्कूटरवरून पडून गेला नाही. तो खेळताना गेला, मी तिथे होतो. बोट बटणावरच होतं. सोफ्यावरून मुलगा ऐकत होता.

"स्कूटरचा दिवा मी फोडला," मी म्हटलं, आणि बोट उचललं.