आयरिशकाकांच्या आजोबांचं पान

आयरिशकाका कशाचाही निकाल देत नसत. वादळात आमचं मागचं कुंपण आडवं झालं तेव्हा मी तावातावानं विचारायला गेले, की काका, तुमच्याच मेपलची फांदी पडली ना? ते शांतपणे म्हणाले, “तू तिथं नव्हतीस, मी तिथं नव्हतो.” आणि स्वतःच हातोडी घेऊन कुंपण ठोकायला आले. मी नागपूरची. आमच्याकडे माणूस जे पाहिलेलं नाही त्यावरच जास्त ठामपणे बोलतो. त्यामुळे या गृहस्थांशी भांडायचं कसं, हेच मला बरेच दिवस कळत नव्हतं.

अमेरिकेत, श्रूजबरीतल्या आमच्या गल्लीत ते सगळ्यांत जुने. शाळेची बस चालवून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगी लांब टेक्ससमध्ये. संध्याकाळी आमच्या डेकवर चहाला यायचे. आलं घातलेला चहा पहिल्यांदा प्यायले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. त्यांना जाऊन आता वर्ष होईल, तरी पाच वाजले की मी अजून आधणात एक कप पाणी जास्त टाकते.

बाकी कशावर मत नसलेला हा माणूस एका विषयावर मात्र तास तास बोलायचा. शंभर वर्षांपूर्वी आयर्लंडमध्ये यादवी पेटली होती, तेव्हा तिथला एक तरुण पुढारी आपल्याच माणसांच्या हल्ल्यात मारला गेला. काका त्याला नुसतं ‘आमचा सेनापती’ म्हणत. गोळी एकच लागली, पण ती कुणाची हे आजतागायत ठरलेलं नाही. दबा धरून बसलेल्यांची, त्याच्याच ताफ्यातल्या कुणाची, की कुठंतरी आपटून उलटून आलेली? ती कुणाची हे मरण्याआधी कळावं, एवढीच त्यांची इच्छा होती. माझ्या स्टीलच्या वाट्या मांडून ते रस्ता करायचे, चहाची किटली म्हणजे टेकडी, आणि बिस्किटांचा ताफा त्या वळणावर येऊन थांबायचा.

ते सांगायला लागले की मला गुंगीच यायची. उतरतं ऊन, ओल्या गवताचा वास, बांधापलीकडून चढत येणारं धुकं. त्या धुक्यात कोण कुठं आहे, कुणालाच दिसत नाही. मग गोळीबार थांबतो, आणि रस्त्यात एकच माणूस पडलेला असतो. काका आयर्लंडला कधीच गेले नव्हते, पण त्या वळणावरचा दगडन्‌दगड त्यांना ठाऊक होता. मला तर तो रस्ता स्वप्नात दिसायला लागला. स्वप्नात मी त्या रस्त्यानं भाजी घेऊन घरी चाललेली असायचे, आणि घर काही यायचं नाही.

एका वर्षी आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली. ती शाळेत बाई होती, म्हणून काका तिला ‘टीचर’ म्हणायचे. तिनं सगळा वाट्यांचा खेळ मन लावून पाहिला आणि शेवटी विचारलं, “मग मारलं कुणी?” काका हसले आणि वाट्या गोळा करायला लागले. ते गेल्यावर आई म्हणाली, “अगं, त्यांचे आजोबा असणार ते. परक्यासाठी कोणी इतकं झुरतं का?” मलाही ते पटलं. विचारायचं कशाला? आम्ही मायलेकींनी परस्पर ठरवूनच टाकलं.

पितृपक्ष आला. शस्त्रानं गेलेल्यांचं चतुर्दशीला करतात, आणि आई असल्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. “इतक्या वर्षांत त्या बिचाऱ्याला कुणी घास ठेवला नसेल,” म्हणाली, आणि उठून वडे, खीर, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी सगळं साग्रसंगीत केलं. इंडियन स्टोअरमधून फ्रोझन केळीची पानं आणली. काकांना जेवायला बोलावलं. ते स्वतः भाजलेला पाव घेऊन आले आणि टेबलावरचं ते कुणीच न बसलेलं पान पाहून थबकले.

“फॉर युवर ग्रँडफादर,” आई म्हणाली. “ही वॉज किल्ड, नो?”

काकांनी पाव खाली ठेवला. मग म्हणाले, “टीचर, माझे आजोबा इथंच, शेजारच्या वूस्टरला, अंथरुणात वारले. त्या संध्याकाळी ते बांधाआड होते. बंदूक घेऊन.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काका खुर्चीत बसले आणि हळूहळू सांगू लागले. आईवडील दोघं कामावर, त्यामुळे त्यांना आजोबांनीच वाढवलं होतं. शाळेत सोडायचे, बुटांच्या नाड्या बांधायचे. मोठं झाल्यावर काकांनी एकदाच विचारलं. आजोबा म्हणाले, “मी झाडली. लागली कुणाची, ते तिथं असूनही मला कळलं नाही.” त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. आजोबांना गुपचूप पुरलं, कारण वूस्टरमधली निम्मी जुनी आयरिश माणसं सेनापतीला मानणारी होती. काका दरवर्षी सेनापतीसाठी मेणबत्ती लावत. आजोबांसाठी त्यांनी कधीच लावली नाही.

“माझा फार जीव होता त्यांच्यावर,” काका म्हणाले. “पण ती गोळी त्यांची असेल तर मी कुठल्या तोंडानं रडू?” मग आईकडे बघून त्यांनी विचारलं, “ज्यांनी मारलं, त्यांच्यासाठी तुमच्यात एखादा दिवस असतो का?”

आई त्या पानाकडे बघत म्हणाली, “आजचं पान तुमच्या सेनापतीचं राहू दे. तुम्ही उद्या या. उद्या सर्वपित्री अमावास्या. उद्या कोण कसा गेला, त्यानं काय केलं, हे कुणी विचारत नाही.”

दुसऱ्या दिवशी काका कोट घालून आले. आईनं आजोबांचं नाव विचारलं. आई पळी हातात धरून थांबून राहिली. शेवटी ते म्हणाले, “डॅनियल.” आई म्हणाली, “गोत्र ठाऊक नसलं की काश्यप,” आणि तिनं पाणी सोडलं. काका जेवले मात्र पोटभर. खीर दोनदा मागून घेतली.

नोव्हेंबरात त्यांच्या चर्चमध्ये मृतांची नावं वाचतात. आई परत जायच्या आधीच्या रविवारी काकांनी आम्हाला बरोबर नेलं. आई नऊवारीवर माझा जाडजूड कोट चढवून पुढच्या बाकावर बसली. फादरनी सेनापतीचं नाव वाचलं, आणि त्यालाच लागून, त्याच आवाजात, डॅनियलचं. मागं कुणीतरी खाकरलं, बाक करकरला. काका मान वर करून उभे होते.

परत येताना मी ड्राइव्ह करत होते. बाहेर तळ्यावर धुकं होतं, रस्ता पुढं दिसत नव्हता. मागच्या सीटवर काका एकदम हुंदके देऊन रडायला लागले. लहान पोरासारखे, नाक पुसत, मोठ्यानं. मी घाबरून गाडी बाजूला घ्यायला लागले, तर आईनं माझ्या हातावर हात ठेवला.

“चालव तू,” ती म्हणाली. “रडू दे त्यांना. त्यांना आजोबांचं सुतक आज लागलंय.”