बबनआबांच्या नावावरची म्हैस

"मामा, आबांच्या फोटूच्या जागी म्हैस हाय! गॉगल लावलेली! आन् खाली आबांचंच नाव!"

सलीममामांनी फोन स्पीकरवर टाकला होता. पलीकडे दत्ताआप्पांचा कार्यकर्ता ओरडत होता. मामांनी माझ्याकडे बघितलं.

"कुठली म्हैस गं, रूपाली?"

"माझी," मी म्हणाले.

मी तेव्हा शिरूरला सलीममामांच्या फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर होते. डिझायनर म्हणजे काय, तर वाढदिवस, दहावा, निवड, अभिनंदन, लग्न. आमच्या भागात माणूस नुसता दवाखान्यातून घरी आला तरी फ्लेक्स लागतो. मधे ज्याचा वाढदिवस त्याचा मोठा फोटो, वर नेते, आणि खाली गोल-गोल चौकटीत शुभेच्छुक. कोण कुणाच्या शेजारी, कुणाचा गोल मोठा, यावरून भावकीत भांडणं होतात. चित्रकलेपेक्षा त्या गोलांचीच धास्ती जास्त.

दत्ताआप्पांचा वाढदिवस शुक्रवारी होता. गाव वडगाव रासाईच्या अलीकडचं; नाव सांगत नाही, तिथले लोक अजून हसतात. सगळ्यांचे फोटो आले, बबनआबांचा येईना. एक गोल रिकामा ठेवला की ती ओळ पडलेल्या दातासारखी दिसते, म्हणून आम्ही तिथं काहीतरी तात्पुरतं ठेवतो. त्याला डमी म्हणतात. कुणी गुलाब ठेवतं, कुणी गणपती. मी कंटाळले होते. मी म्हैस काढली. काळा गॉगल, गळ्यात जाड चेन, एक खूर वर केलेला. फ्लेक्सवरची निम्मी माणसं अशीच उभी असतात, त्यात माझी काय चूक? नाव आधीच टाइप केलेलं होतं: मा. बबनआबा, प्रगतशील दूध उत्पादक.

संध्याकाळी फोटो आला. म्हैस हटवून मी आबांना बसवलं आणि फाइल नव्या नावानं सेव्ह केली. जुनीही तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते, त्यामुळे त्या दिवशी सगळी कामं सकाळी उठल्या-उठल्या उरकायची. मामांनी मी यायच्या आत मशीन सुरू केलं आणि चुकून जुनी फाइल सोडली. फ्लेक्स छापतानाच गुंडाळला जातो. मामा एकीकडे कुणाला तरी फोनवर भाव सांगत होते. गुंडाळी बांधली, टेम्पोत टाकली, गेली. शुक्रवारी पहाटे अंधारातच पोरांनी ती चौकात चढवली.

आता यात हसण्यासारखं काय नव्हतं ते सांगते. गावात विकास सोसायटीची निवडणूक लागली होती. बबनआबा आयुष्यभर दुसऱ्या पॅनेलमध्ये. महिन्याभरापूर्वीच ते आप्पांकडे आले होते, सगळी भावकी घेऊन. आणि आप्पांच्या पहिल्याच फ्लेक्सवर आबांच्या नावावर म्हैस! विरोधकांनी तर सकाळी-सकाळी स्टेटस ठेवलं होतं: 'आबांचे नव्या गोठ्यात स्वागत.'

आमच्या धंद्यात दोन्ही पार्ट्यांचे फ्लेक्स एकाच मशीनवर निघतात. हा अमक्या पार्टीचा, असा शिक्का बसला की धंदा बसला. लोक म्हणणार, सलीमनं विरोधकांच्या सांगण्यावरून केलं. आबा उठून गेले तर आप्पा पडणार, आणि आप्पा पडले तर आमच्या दुकानाची पायरी कोण चढणार? माझ्या नवऱ्याची शिक्रापूरच्या कंपनीतली कॉन्ट्रॅक्टची नोकरी नुकतीच गेली होती. घरात पगार माझा एकटीचा.

"मामा, मी जाते. सांगते, मी केलं."

"तू गप बस. मशीनवर फाइल कुणी सोडली? मी. चल, गाडीत बस."

नवा फ्लेक्स छापायला लावून आम्ही निघालो. वाटेत आबांच्या पुतण्याचा, सागरचा फोन. "मामा, नवीन फ्लेक्स-बिक्स काय आणू नका. आबा म्हणालेत, मी येस्तोवर कुणी हात लावायचा न्हाई." फोन ठेवल्यावर मामांनी गाडीचा वेग वाढवला.

चौकात जत्रा भरली होती. कुणीतरी शहाण्यानं शिडी लावून म्हशीवर गोणपाट बांधलं होतं, त्यामुळे ज्यांना माहीत नव्हतं तेही विचारायला थांबत होते. आप्पा पांढऱ्या कडक कपड्यांत, कपाळाला टिळा, हातात हार, आणि चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. वाढदिवस त्यांचा आणि बघायला आलेले सगळे म्हशीला.

सागर आमच्या अंगावरच आला. "मामा, आमचं थोरलं माणूस हाय ते! काय समजता काय तुमी? दुकान फोडीन!"

"सागर, चूक माझी आहे," मामा हात जोडून म्हणाले. "वयानं मी तुझ्या बापासारखा. पण तुला मारायचं असेल तर मार. पोरीला काय बोलू नको."

मामांनी हात जोडलेले मी त्याआधी कधी बघितले नव्हते. मला रडूच फुटलं. कशाला काढली मेली ती म्हैस, असं झालं.

तेवढ्यात बबनआबांची जुनी मोपेड आली. आबा म्हणजे उंच, वाळका, कमी बोलणारा माणूस. त्यांचा गोठा भीमेच्या पलीकडे, दौंड तालुक्यात, घर अलीकडे. रोज पूल ओलांडून धारा काढायला जायचे. मागच्या कॅरेजला दुधाची किटली तशीच होती. त्यांनी गाडी स्टँडला लावली, वर बघितलं आणि म्हणाले, "ते पोतं काढा."

पोतं काढलं. आबा बघत राहिले.

"कुणी काढली?"

"आबा, माझ्या दुकानातनं..." मामा सुरू झाले.

"दुकान न्हाई इचारलं. हात कुणाचा?"

"माझा," मी पुढं झाले.

"कवा म्हैस बघितली हायस का, पोरी?"

"बघितलीय आबा. आजोळी."

"कुठनं बघितली? मोहरनं का मागनं?"

आबा फ्लेक्सकडे बोट करून म्हणाले, "म्हैस काय तोंड बघून घेत्यात व्हय? गिऱ्हाईक आलं की पयलं मागं जातंय. कास बघतंय. तू मान काढली, चेन काढली, गॉगल काढला. कास कुठंय? माझ्या नावावर म्हैस लावली याचा राग न्हाई मला. अर्धी लावली याचा हाय. बघणारा म्हणंल, बबनची म्हैस भाकड."

पहिल्यांदा सागरच हसला. मग सगळा चौक.

आप्पा पुढं आले. "आबा, माफ करा, आमच्या पोरांकडनं..."

"आवो आप्पा, तुमाला सांगायचं राह्यलं," आबा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मीच सांगितलं व्हतं सलीमला. म्हनलं, माझं थोबाड कोण बघतंय, माझी म्हैस लाव. बघा, सकाळपास्नं निम्मं गाव हितं उभं हाय. तुमच्या कुठल्या फ्लेक्सम्होरं कवा एवढं मानूस थांबलं व्हतं?"

सरळ-सरळ थाप. मामांना आणि मला ठाऊक होतं, सागरलाही ठाऊक होतं. पण थोरल्यानं चौकात एकदा सांगितलं की ते खरं. आप्पांच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी हातातला हार आबांच्याच गळ्यात घातला. मग पोरं सेल्फीला धावली. ज्यांनी सकाळी स्टेटस ठेवलं होतं त्यांनी दुपारपर्यंत ते काढलं.

गर्दी पांगल्यावर आबा आमच्या गाडीपाशी आले. मी विचारलं, "आबा, तुम्ही असं का सांगितलं?"

"मी चिडलो असतो तर म्हैस मीच ठरलो असतो की गं. आन् ह्या सलीमचं दुकान बसलं असतं. माझं बोलायला काय जातंय?" मग म्हणाले, "पर आता पुरी काढायची. गोठ्यावर ये. बघून काढ. दुधाच्या टेम्पोवर लावायचीय."

मामांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. येताना ते एवढंच म्हणाले, "अल्लानं वाचवलं, आन् बबननं."

रविवारी मी नदीपलीकडे गोठ्यावर गेले. आबांनी मला स्टूल दिलं, म्हशीच्या मागं. शेपटीचे दोन फटके खाऊन मी चित्र काढलं. दुकानात आणून ते व्हेक्टरमध्ये केलं. म्हणजे असं चित्र, जे काडेपेटीवर छापा नाहीतर टेम्पोभर, फाटत नाही. गॉगल आणि चेन तशीच ठेवली. कास आबांनी तीनदा दुरुस्त करायला लावली. "अजून भरली न्हाई," म्हणायचे. शेवटी म्हणाले, "आता पान्हा सोडंल." माझ्या चित्राला त्यानंतर बरीच मोठी माणसं चांगलं म्हणाली, पण एवढा आनंद नाही झाला.

तो टेम्पो रोज सकाळी शिरूर-दौंड भागात फिरायचा. जाहिरात अशी फुकट फिरताना मी दुसरी बघितली नाही. आधी केडगावकडचे एक गुऱ्हाळवाले आले. "ताई, आमच्या गुळाच्या खोक्यावर आमच्या आईला काढा, पण उसाची मोळी उचलून पळताना." आईंनी स्वतः येऊन चित्रातला पदर नीट करून घेतला. मग शिक्रापूरच्या एका कारखान्यातून फोन. तिथं बिहार-ओडिशाची पोरं जास्त. सुरक्षेच्या सूचना मराठीत आणि इंग्रजीत, वाचणार कोण? एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "रूपालीजी, गमतीशीर पाहिजे, पण सिरियस गमतीशीर." म्हणजे काय ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी हेल्मेट विसरलेला कोंबडा काढला. त्यांना तेच हवं होतं म्हणे.

कामं वाढली तशी दुकानाच्या कामाला उशीर व्हायला लागला. मी घाबरत-घाबरत मामांना सांगितलं, आता दोन्ही जमत नाही, बाहेरची चित्रं बंद करते. मामा एवढे भडकले, तेवढे त्या शुक्रवारीही भडकले नव्हते. "वेडी का खुळी? फ्लेक्स कुणीपण लावंल. वरची खोली झाडून घे, उद्यापासून तिथं बस. तुझ्या नवऱ्याला सांग, हिशोब आणि डिलिव्हरी त्यानं बघायची. घरात बसून मिशा पिळतोय नुसता." खोली झाडायला मामी स्वतः आल्या. पंखा त्यांच्या घरचा. आज तिथं माझ्यासोबत दोन मुली काम करतात आणि दारावर माझ्या नावाची पाटी आहे. ती मामांनी छापली, आणि छापायच्या आधी मला तीन वेळा दाखवली.

निवडणुकीचं म्हणाल तर आप्पांचं पॅनेल पडलं. त्यांच्याकडचे एकटे आबा निवडून आले. आपल्या विजयाच्या अभिनंदनाचा फ्लेक्स विरोधकांनीही आमच्याकडूनच केला, आणि त्यांच्या पुढाऱ्यानं मला हळूच विचारलं, "ताई, मला कुठल्या जनावरात काढाल?"

नवीन मुली मला विचारतात, ताई, असं गमतीचं चित्र चालेल का नाही, हे आधी कसं ओळखायचं? मी त्यांना खरं तेच सांगते. ओळखता येत नाही. चित्र चालतं ते समोरच्या माणसाच्या मोठेपणावर, आणि तो मोठेपणा मला पहिल्याच गमतीच्या चित्राला फुकट मिळाला. प्रत्येक गिऱ्हाइकाकडे तो असेलच असं नाही. म्हणून प्रूफवर, म्हणजे छापायच्या आधीच्या नमुन्यावर, गिऱ्हाइकाची सही घेतल्याशिवाय काहीही छापायला सोडायचं नाही.