गल्लीभर बासष्ट

आता तुम्ही हसणार, हे मले पहिलेच माहीत हाय. हसा बाप्पा! पण चहाचा घोट तोंडात असताना हसू नका. मांगच्या वेळी हा किस्सा सांगितला त सामनेवाल्याचा पांढरा सदरा खराब झाला होता. अन् एक गोष्ट अगोदरच सांगून टाकतो, याच्यात जो येडा हाय तो मीच हाय. दुसरा शोधाची मेहनत घेऊ नका.

मी रफीक. चिमूरले आमची पिठाची चक्की हाय. चक्कीच्या बरोब्बर सामने दशरथचं मच्छीचं दुकान. दशरथ माहा लहानपणचा दोस्त. तलावावरची मच्छी आणते, अन् बरफाच्या लाद्या फोडाले एक लहानशी मशीन ठेवली हाय त्यानं. रोज सकाळी त्याच्या बाकड्यावर आमची दोघांची चाय. दहा वाजले का चाय संपते, दोघंही संगंच उठतो. मी माह्या चक्कीचं बटन दाबतो, तो त्याच्या मशीनचं दाबते. हे जरासक ध्यानात ठेवा, पुढं कामी येईन.

त काय झालं, यंदाच्या मे महिन्यात गल्लीची लाइट बिघडली. म्हणजे जात नोहती, पण रोज दहाच्या ठोक्याले अशी बसाची का विचारू नका! पंखे रडाले लागत, फ्रिज हिचक्या देत, लताबाईची शिलाई मशीन टाके सोडे. अन् एक दिवस डीपीचा फ्यूजच उडला. चंद्रपूर जिल्ह्यातला मे महिना अन् दिवसभर पंखा नाई! गल्लीतला माणूस माणसाले खाले पाहे.

लाइनमन आला, फ्यूज टाकला अन् जाता जाता काडी लावून गेला. म्हणे, "तुमच्या गल्लीत कोणाची तरी मोटर सुरू होताना लय मोठा झटका ओढते. कोणाची, ते तुम्हीच पाहा."

झालं! सुधाकरच्या कटिंगच्या दुकानासामने सारी गल्ली जमा झाली. आता तिथं गप बसाले पाहिजे होतं का नाई? पण मी अन् गप? मी स्टुलावर चढलो!

"ज्याची मोटर झटका ओढते," मी ओरडलो, "त्यानं मशीन गल्लीतून उचलाची! मंग तो कोणी का असेना! मंजूर?"

"मंजूर!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात माह्या.

दशरथ खालून म्हणते, "अबे रफ्या, खाली उतर. गल्लीत सगळ्यात मोठी मोटर तुहीच हाय."

"मोठी हाय म्हणूनच सभ्य हाय!" मी म्हणलो. "हे लहान मोटराच भल्त्या वस्ताद असतात. तुह्या बरफाच्या मशीनसारख्या."

"म्हणजे मी गल्लीची लाइट पाडतो?"

"मी कोणाचं नाव घेतलं का? तुलेच काऊन झोंबलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकड्यावर एकच कप होता. मी बी मोठा ताठ माणूस! घरी चाय पेलो. घरची चाय वाईट नाई, पण भांडाले कोणी नसलं का चायले चव राह्यत नाई हो.

मंग मी ठरवलं, आता पुरावाच आणतो. बस पकडली अन् गेलो चंद्रपूरले.

इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो अन् म्हणलं, "चिमटा मीटर द्या." अवो, ते नाई का, तारेले चिमट्यासारखं लावलं का करंट किती ते सांगते? क्लॅम्प मीटर म्हणतात त्याले. दुकानदार बिचारा मोठा शांत माणूस. त्यानं तीन मीटर काउंटरवर मांडले.

"हा सगळ्यात स्वस्त," तो म्हणे. "चालू मोटरचा करंट दाखवते."

"मले चालू मोटरचा नाई, सुरू होतानाचा पाहिजे. तो झटका."

"मंग हा नाई चालणार. झटका पापणी लवेपर्यंत येते अन् जाते. हा मीटर आकडा दाखवेपर्यंत चोर पसार."

बघा, चोर हा शब्द त्यानं काढला, मी नाई! माही तबियतच खुश झाली.

तिसरा मीटर हातात घेतला त किंमत पाहून ठेवून दिला. त्याच्यात सोलरचा करंट बी मोजता येते, मोबाइलवर आकडे बी जातात. मले काय मोबाइलवर पीठ दळाचं हाय? राह्यला मधला. त्याच्यावर इनरश नावाचं एक पिवळं बटन. दुकानदार म्हणे, "खिशाले परवडणाऱ्यातला हाच तुमच्या कामाचा. हे बटन दाबा, एक तार चिमट्याच्या जबड्यात घ्या, मोटर सुरू करा. सुरूचा झटका तो बरोब्बर पकडते. फक्त भाऊ, एक लक्षात ठेवा, एक वेळा आकडा पकडला का मंग..."

"पकडते ना?"

"हाव, पकडते. पण पकडल्यावर..."

"बस! मले पकडणाराच पाहिजे! पुढचं मले नका शिकवू. मी चक्की चालवून राह्यलो होतो तेव्हा तुम्ही चड्डीत असान."

त्यानं बिचाऱ्यानं मीटर खोक्यात भरून देला. आता मले वाटते, त्याच वेळी त्यानं माह्या तोंडावर हात ठेवून बाकीचं वाक्य कानात सोडलं असतं त लय बरं झालं असतं.

घरी आलो. पहिले टेस्टिंग म्हणून माह्याच चक्कीले लावला. पिवळं बटन दाबलं, एक तार जबड्यात घेतली, चक्की सुरू केली. बासष्ट! बासष्ट अँपिअर. मी म्हणलं, वा! एवढी मोठी मोटर, बासष्ट म्हणजे शोभून दिसते तिले. मीटर बंद न करताच थैलीत टाकला अन् तस्साच गेलो सामने. मांगं सारी गल्ली.

"दशरथभाऊ, मशीन सुरू करा," मी म्हणलं. तीस वर्षांत त्याले पहिल्यांदा 'भाऊ' म्हणलं. त्यानं माह्याकडं असं पाह्यलं, का मले जरासक कसंतरी झालं. पण स्टुलावर चढलेला माणूस लवकर उतरते का?

मी तारेले चिमटा लावला. त्यानं मशीन सुरू केली, मी डोक्यावरचा चष्मा खाली घेतला.

बासष्ट!

"पाहा!" मी मीटर सगळ्यायच्या नाकासामने फिरवला. "माह्या एवढ्या मोठ्या चक्कीले बासष्ट, अन् ह्या डब्याएवढ्या मोटरले बी बासष्ट! आता सांगा, चोर कोण?"

दशरथनं एक बार मीटरकडं पाह्यलं, एक बार माह्याकडं. मशीनची तार काढली, मशीन पोत्यात गुंडाळली अन् कोपऱ्यात ठेवून दिली. दुसऱ्या दिवसापासून लाकडी मोगरी घेऊन हातानं बरफ फोडाले बसला. त्या उन्हात! लादी फुटेपर्यंत अर्धी वितळून जाय. तिसऱ्या दिवशी त्याची टोपलीभर मच्छी खराब झाली, त्यानं मुकाट्यानं नेऊन फेकली. मी चक्कीतून पाह्यलं. पण म्हणलं, नियम म्हणजे नियम.

अन् चौथ्या दिवशी लताबाई चक्कीत आल्या. हातात अर्धवट ब्लाउज.

"रफीकभाऊ, दशरथची मशीन बंद हाय ना?"

"चार दिवसांपासून."

"मंग आज बी दहा वाजता माहे टाके काऊन सुटले?"

आता झाली का पंचाईत! पण मी हार मानणारा माणूस नोहे. "म्हणजे चोर एकटा नाई," मी म्हणलं. "चला, तुमचीच मशीन मोजतो."

लताबाईची शिलाई मशीन. बासष्ट!

"अवो, पायपुसणं शिवतो मी, रेल्वे नाई चालवत!" लताबाई ओरडल्या.

तिथून सुधाकरकडं. त्याची केस कापाची मशीन, मुठीएवढी. बासष्ट! सुधाकरनं ती मशीन हातातून अशी टाकली का गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली. मंग माह्या घरचा फ्रिज. बासष्ट! मी त घामाघूम झालो. म्हणलं, या गल्लीत एक बी घर इमानदार नाई का?

माही बायको रुखसाना दारात गहू निवडत बसली होती. ती बराच वेळ पाहून राह्यली होती. उठली, माह्या हातातून मीटर घेतला, अंगणात गेली अन् आमच्या बकरीच्या शिंगाले चिमटा लावला.

"अवो, इकडं या. वाचा."

मी चष्मा खाली घेतला. बासष्ट.

"आता बकरी उचला गल्लीतून," रुखसाना म्हणे.

सारी गल्ली खो खो हसाले लागली. माह्या डोक्यात अशी तिडीक गेली का विचारू नका. म्हणलं, त्या चंद्रपूरवाल्यानं मले खराब माल देला! आता पाहा कसा झाडतो त्याले. गल्लीले बी आयकू द्या म्हणून फोन मुद्दाम स्पीकरवर टाकला. हाव, मीच टाकला. याच हातानं.

"का हो, तुमचा मीटर बकरीचा करंट दाखवून राह्यला!"

तिकडून तो म्हणे, "किती दाखवते?"

"बासष्ट! सगळ्यायलेच बासष्ट!"

"भाऊ, मी तेच सांगून राह्यलो होतो, तुम्ही आयकलं नाई. तो एक वेळा आकडा पकडला का मंग सोडत नाई. पिवळं बटन पुन्हा दाबल्याशिवाय नवीन मोजत नाई. तुम्ही सगळ्यात पहिले कोणती मोटर मोजली?"

मी स्पीकर बंद कराचं बटन शोधाले लागलो.

"हॅलो? पहिले जी मोजली असन, तिचाच हाय हा बासष्ट. बाकीच्या बिचाऱ्यायचा काही संबंध नाई. हॅलो, भाऊ?"

भाऊ जमिनीत तोंड लपवाले जागा पाहून राह्यला होता! लताबाई, सुधाकर, अर्ध्या मिशीवाला, सगळे माह्याकडं पाहाले लागले. अन् मागून कोणीतरी, आवाज अजून ध्यानात हाय माह्या, विचारलं, "मंग रफीकभाई, चक्की कवा उचलता?"

नियम माहा. स्टूल माहं. टाळ्या सगळ्यात जोरात माह्या.

मी गेलो सामने. दशरथ मोगरी घेऊन बरफ फोडत होता, तळहाताले चिंध्या बांधल्या होत्या. मी त्याच्या बाकड्यावर बसलो. "दशरथ," म्हणलं, "चुकलं बे माहं. लय चुकलं. तुही मच्छी गेली माह्यापायी. मी उद्या चक्की काढतो."

त्यानं मोगरी ठेवली. माह्या हातातून मीटर घेतला, उलटापालटा करून पाह्यला.

"म्हणजे हा एक वेळा पकडलं का सोडतच नाई?"

"नाई."

"मालकावर गेला," दशरथ म्हणे. अन् आतमध्ये आवाज देला, "दोन कप चाय ठेवा वो!"

मंग त्यानंच गल्लीले सांगितलं, "चक्की उचलू नका बाप्पा, पीठ काय चंद्रपूरहून आणता? सकाळी मी पहिले मशीन लावतो, पाच मिनिटांनं तो चक्की लावन. दोन झटके एकाच वेळी पडले नाई का लाइट एवढी बसणार नाई." दुकानदारानं बी झटका कमी करणारा नवीन स्टार्टर सांगितला, तो मी दुसऱ्याच दिवशी बसवला. त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत या वेळी मी हूं का चूं केलं नाई.

तेव्हापासून गल्लीत मले कोणी रफीक म्हणत नाई. लहानमोठे सगळे 'बासष्टभाई' म्हणतात. मी बी हाक आली का वळून पाहतो.

पण आता तुम्ही माहे दोस्त, म्हणून सांगतो, दशरथले सांगू नका. नवीन स्टार्टर बसवाच्या पहिले सकाळी दार लावून मी पिवळं बटन दाबलं, अन् चक्की पुन्हा एक वेळा मोजली. मनात होतं, बासष्ट बी खोटाच निंगाला त गल्लीत जरासक तोंड दाखवता येईन.

खोटाच निंगाला. चौसष्ट होता.