दसऱ्याची फ्लॉपी

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर यायचा होता तेव्हा त्याच्यासाठी आधी खोली रंगवली, मग खिडक्यांना जाड पडदे लावले आणि शेवटी दाराबाहेर चपलांसाठी लाकडी घोडा ठेवला. पाहुणा अजून नागपूरहून निघालासुद्धा नव्हता. ऐंशीच्या दशकाची ती अखेरची वर्षं. वर्ध्यात तेव्हा कॉम्प्युटर प्रत्यक्ष पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पदार्थविज्ञान विभागात आम्ही दोघंच, विभागप्रमुख सर आणि मी. त्या खोलीत धूळ चालायची नाही, ओला हात चालायचा नाही, आणि सरांना तर मोठ्याने बोललेलंही चालत नसे. बिघडेल या धास्तीने ते स्वतः मशीनपासून लांबच उभे राहत. त्यामुळे मशीन माझ्या वाट्याला आलं, आणि मला तेच हवं होतं.

मला मुळातच उकरायची खोड. माहेरी माझ्या हाती लागलेलं एकही घड्याळ धड राहिलं नाही. या मशीनचं तर सुरू होणंच मला नवलाचं वाटे. बटण दाबलं की आधी पंखा घुमायचा, मग पडद्याच्या कोपऱ्यात आकडे भराभर चढत जायचे. मग फ्लॉपीच्या खाचेजवळचा लाल दिवा लागायचा आणि आतून गुर्रगुर्र आवाज यायचा. दिवा विझला की पोटातली हार्ड डिस्क खरखरायची आणि शेवटी पडद्यावर सी हे अक्षर यायचं. रोज हाच क्रम. मला प्रश्न पडे, बंद केल्यावर सगळं विसरणाऱ्या या मशीनला सकाळी उठून पहिलं काम काय करायचं हे कोण सांगतं? फ्लॉपी नसतानाही तो लाल दिवा का लागतो? सरांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, सुरू होते ना? मग खोलात कायले जाता?" शिक्षकाने असं उत्तर दिलं की माझं डोकं फिरतं, पण ते वयाने मोठे होते, म्हणून मी विषय सोडला.

माझं पीएचडीचं काम कापसावर चाललं होतं. हवेतला ओलावा बदलला की कापसाचा तंतू किती ताण सोसतो, ते मी मोजत होते. सेलूचा कापूस, केळझरकडचा कापूस, पिपरी मेघेत आमच्या घरामागच्या शेजाऱ्यांच्या वावरातला कापूस, असे नमुने गोळा केले होते. एकेक तंतू पकडून तो तुटेपर्यंत ओढायचा आणि आकडा टिपायचा. कित्येक हंगाम मी हेच करत होते. ते सगळे आकडे मी कॉम्प्युटरवर चढवले आणि सुटकेचा श्वास टाकला. त्याच पावसाळ्यात घरातल्या कपाटाला वाळवी लागली आणि वह्यांची माती झाली. फ्लॉप्यांवर काढलेल्या नकलांना बुरशी आली. नव्या फ्लॉप्या आल्या होत्या, त्या फॉरमॅट करून डबीत तयार ठेवल्या होत्या, आणि दिवाळीच्या सुट्टीत सावकाश नक्कल काढू असं ठरवलं होतं. म्हणजे माझी सगळी मेहनत तेव्हा त्या एका हार्ड डिस्कवर होती. विद्यापीठाने मुदत एकदा वाढवून दिली होती. ती पुन्हा मिळणार नव्हती.

माझ्या सासूबाईंना मी आई म्हणायची. त्या सेलूकडच्या शेतकरी घरातल्या. सासरे गेल्यावर वावर दिरांकडे सोपवून आमच्याकडे पिपरी मेघेला आल्या होत्या. उन्हाळ्यात कूलर फक्त कॉम्प्युटरच्या खोलीत असायचा, म्हणून मी दुपारी त्यांना सोबत न्यायची. सरांचा त्याला आक्षेप नव्हता, कारण आई चपला तर काढतच, वर पायही धुऊन येत. मी आकडे चढवायची आणि त्या नमुन्यांतल्या उरलेल्या कापसाच्या वाती वळत बसायच्या. विज्ञानाला वाहिलेला तो कापूस शेवटी देवापुढे जळायचा. वाती वळताना त्यांचं लक्ष मात्र माझ्या हातांकडे असे. फ्लॉपी कागदी पाकिटातून कशी काढायची, कोणती बाजू वर धरायची, आत सरकवून खटका कसा फिरवायचा, सगळं त्या बघत. मी विचारायची, "काय पाह्यता आई?" त्या म्हणायच्या, "काई नाई. तू कर."

दसऱ्याला विभागातल्या यंत्रांची पूजा असायची. तराजू, लेथ, मीटर, सगळ्यांना हळदकुंकू. कॉम्प्युटरची पूजा करायची की नाही यावर सरांनी बराच विचार केला आणि मग परवानगी दिली. पाणी नाही, उदबत्ती नाही, नारळ तर जवळही आणायचा नाही. हळदकुंकू वरच्या कापडी झाकणाला लावायचं आणि झेंडूचा हार पुढून सोडायचा. हार घालायचा मान त्यांनी आईंना दिला. मी बाहेर प्रसाद वाटत होते. आई आत एकट्याच होत्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर मी झाकण काढलं, हार तसाच राहू दिला आणि बटण दाबलं. पंखा घुमला, आकडे चढले, हाराआडून लाल दिवा लागला, गुर्रगुर्र झाली. मग पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. या डिस्कवर सिस्टिम नाही, ती बदला आणि कुठलंही बटण दाबा. मी एकूणएक बटणं दाबून पाहिली. पुन्हा तीच ओळ. सरांनी दारातूनच ती वाचली, "हार्ड डिस्क गेली" असा निकाल दिला आणि नागपूरच्या इंजिनिअरला फोन लावला. इंजिनिअरने फोनवरच सगळं सांगून टाकलं, "पार्टिशन फिर से करना पडेगा, फॉरमॅट मारना पडेगा, डॉस नया डालना पडेगा." मी फोन हिसकावूनच घेतला आणि विचारलं, "और जो अंदर है?" तो म्हणाला, "वो तो गया समझो मॅडम." उद्या सकाळच्या बसने येतो म्हणाला. सरांनी खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. आता कोणीही हात लावायचा नाही, असं बजावून ते दुपारीच गावाला निघून गेले.

मी मशीनसोबत आलेलं जाडजूड पुस्तक तेवढं उचललं आणि घरी आले. रडावंसं वाटत होतं, पण त्याहून जास्त राग आला होता. माझं मरण कशाने होणार ते मला कळायला तरी हवं होतं. ताट तसंच ठेवून मी ओट्यावर पुस्तक उघडून बसले. थोड्या वेळाने आई बाजूला येऊन बसल्या.

"जेवून काऊन नाई राह्यली वं?"

"मशीन सुरू नाई होऊन राह्यलं, आई. उद्या इंजिनिअर येते. नवी वाटणी करतो म्हणते."

"कायची वाटणी?"

पुस्तकात नुकतंच जे वाचलं होतं तेच मी त्यांच्या भाषेत सांगितलं. डिस्क म्हणजे वावर समजा. त्याचे हिस्से पाडतात, मधात धुऱ्याचे बांध घालतात. कोणाचा हिस्सा कुठून कुठवर ते अगदी सुरुवातीला, एका लहानशा जागेत लिहिलेलं असते. आता तो ते सगळं मोडून नवं करन.

"अन् उभं पीक?" त्यांनी विचारलं.

"ते जाते. कोरं वावर हाती येते."

"तुयं सारं काम त्याच्यातच हाय ना?"

"सारंच," मी म्हणाले आणि पुस्तक मिटलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, पण समजूत काही घातली नाही. म्हणाल्या, "वाच तू. मले बी सांग काय लिवलं हाय ते."

मग मी वाचत गेले आणि त्यांना सांगत गेले. त्यांनाही मजा वाटू लागली असावी, कारण त्या मधेमधे अडवून प्रश्न विचारत होत्या. बंद मशीनला काहीच आठवत नसतं. पण एका लहानशा चिपमध्ये कधी न पुसणारी थोडी शिकवण कोरलेली असते. मशीन जागं झालं की तेवढ्याच जोरावर आधी स्वतःची स्मृती मोजतं. ते चढणारे आकडे म्हणजे तेच. नंतर काय करायचं हे त्या चिपला ठाऊक नसतं, तिला फक्त कुणाला विचारायचं तेवढं ठाऊक असतं. मी माझी चिंतासुद्धा क्षणभर विसरले. इतके दिवस जे मी बघत होते, त्याचा अर्थ कोणीतरी छापून ठेवला होता आणि तो कॉलेजातल्या माझ्याच कपाटात पडून होता.

"मंग कोणाले विचारते?" आई म्हणाल्या.

"दोन घरं असतात. फ्लॉपीचं घर ए, अन् हार्ड डिस्कचं घर सी. ते पह्यले ए च्या दाराशी जाते. तिथं कोणी नसन तरच सी कडे जाते." म्हणून तो लाल दिवा लागायचा तर!

"अन् ए च्या घरात कोणी असन त?"

"असन त त्यालेच विचारते, पुढचं काम सांग. त्याले काही येत नसन त म्हणते, याच्याजोळ सिस्टिम नाई, दुसरा आणा. अन् थांबते तिथंच."

बोलता बोलता मी थांबले. पडद्यावरची ओळ हीच तर होती. मशीन हार्ड डिस्कबद्दल बोलतच नव्हतं, ते तिच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. पण लगेच माझा हिरमोड झाला.

"नाई आई, तसं नसन. ए तर रिकामं होतं. सुट्टीच्या आधी मीच पाह्यलं होतं."

"रिकामं कायले असन?" आई म्हणाल्या. "म्या घातली ना चकती त्याच्यात. दसऱ्याले."

मी पुस्तक बाजूला ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही चुकल्याचा मागमूस नव्हता. उलट इतकी शिकलेली सून एवढं साधं काम करायचं विसरली, याचंच त्यांना नवल वाटत होतं. त्यांच्या घरी दसऱ्याला तिफणीची पूजा झाली की चाड्यात, म्हणजे ज्यातून बी पेरतात त्या वाटीत, मूठभर दाणे टाकायची रीत. रिकाम्या तोंडाचं अवजार पूजेला ठेवायचं नाही. रिकामं जातं फिरवू नये, रिकामा पाळणा हलवू नये, तसंच हे. हार घालताना त्यांना खाच रिकामी दिसली. त्यांनी डबीतली एक नवी चकती काढली, मी घालते तशीच नीट घातली, खटका फिरवला आणि हार पुढून सोडला. मी हसावं की कपाळावर हात मारावा, मला कळेना. शेवटी दोन्ही केलं, आणि मग जेवलेही.

सकाळी रिक्षा बोलावली तर आई माझ्या आधी तयार. "म्या घातली, मीच काढीन," म्हणाल्या. केळझरच्या गणपतीला रिक्षातूनच, त्या दिशेला तोंड करून हात जोडून झाले. कॉलेजात पोहोचलो तर इंजिनिअर आमच्या आधी हजर. त्याची पेटी उघडलेली, त्याच्या डॉसची, म्हणजे सिस्टिमची, फ्लॉपी एका हातात, आणि दुसऱ्या हाताने तो झेंडूचा सुकलेला हार बाजूला सारत होता. सर नेहमीप्रमाणे दारात उभे.

"थांबा!" मी ओरडले. त्या खोलीत एवढ्या मोठ्याने कोणी कधी बोललं नसेल. सर दचकलेच.

"काय झालं मॅडम?" इंजिनिअर वैतागून, आता मराठीवर येत म्हणाला. "पार्टिशनच तर करायचं हाय."

"काही करू नका. आत एक फ्लॉपी आहे. ती काढा अन् नुसतं सुरू करा."

त्याने वाकून पाहिलं. "हो, हाय एक," तो सहज म्हणाला. "माझी घालताना मी काढलीच असती."

"काढून काय केलं असतं?"

"बाजूले ठेवली असती. मग आपलं पार्टिशन, फॉरमॅट. ठरलं होतं ना फोनवर?"

त्याने ती काढलीच असती. काढली असती, टेबलावर ठेवली असती, आणि ती तिथे कशाला होती हे स्वतःला एकदाही न विचारता माझं उभं पीक नांगरून टाकलं असतं.

आई पुढे झाल्या. पदराला हात पुसून त्यांनी खटका फिरवला, फ्लॉपी काढली आणि कागदी पाकिटात घातली. मी बटण दाबलं. पंखा, आकडे, लाल दिवा. दिवा विझला. काही क्षण काहीच होईना. मग पोटातून खरखर आली. इतका गोड आवाज मी पुन्हा ऐकला नाही. पडद्यावर सी उमटला आणि मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. सर खिडकीचा पडदा नीट करायला लागले.

"इतकंच?" आई त्या एका अक्षराकडे बघून म्हणाल्या. "तुयं काम कुठी हाय?"

मी आकड्यांची यादी उघडली. रांगाच्या रांगा वर सरकू लागल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी त्या सगळ्या जाऊ दिल्या, मग विचारलं, "याच्यात आपल्या वावराचा कापूस कोणता?"

त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि सेलूचा नमुना त्यांच्याच वावरातला होता हे मीही कधी बोलले नव्हते. सासऱ्यांनी पेरलेलं ते शेवटचं पीक होतं. मी यादी थांबवली आणि काचेवर बोट ठेवून ती रांग दाखवली. "हा. इथून इथवर."

त्यांनी माझ्या बोटाजवळ आपलं बोट टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"मले ठावं होतं," त्या म्हणाल्या. "नेलता तवाच पाह्यलं होतं म्या. मंग याचं तोंड रिकामं कसं ठेवू वं पोरी?"