काकांच्या चेहऱ्यासाठी सॉफ्टवेअर

माझी मावशी रफूचं काम करते. खिळ्याला अडकून फाटलेली बाही आणा, नाहीतर उंदराने कुरतडलेला कोट आणा, ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढून घेते आणि भोक असं विणून टाकते की गिऱ्हाईक कपडा उलटासुलटा करून विचारतं, हाच का तो? अशा या बाईला साठी उलटल्यावर फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर हवं झालं. आणि घरात कॉम्प्युटर म्हटलं की सगळ्यांना मीच दिसते, तेव्हा तिने माझं डोकं खायला घेतलं.

कारण तसंच होतं. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, ज्या लाँड्रीत रफूला बसायचे ती मालकाने अलीकडेच बंद केली. कपाट आवरताना एक ग्रुप फोटो निघाला, तो त्याने मावशीला आणून दिला. दुकानासमोर सगळे कामगार ओळीने उभे, आणि पार कडेला, छपराच्या सावलीत काका. फोटो दुपारी काढला आणि त्याच संध्याकाळी काका कामावर बसल्या जागी गेले. असा फोटो आहे हेच मावशीला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. त्यातून फोटोला घड्या पडलेल्या, जागोजागी ओरखडे, आणि काकांचा चेहरा म्हणजे नुसता काळपट डाग.

"त्या दिवशी सकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं," मावशी म्हणाली. "माझी चांगली कात्री त्यांनी न विचारता नेली म्हणून. संध्याकाळी घरी येऊच नका, म्हणाले मी. मला एवढंच बघायचंय, दुपारपर्यंत राग उतरला होता का त्यांचा."

हे तिने आजवर कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. मला शंभर कामं होती, पण यावर नाही कसं म्हणणार? माझा जुना कॉम्प्युटर तिच्या शिलाई मशीनशेजारी नेऊन मांडला आणि फोटो स्कॅन करून त्यात घातला.

मी आपली सोयीची वाट धरली. फोनवर एक अॅप होतं, एक बटण दाबलं की काम फत्ते. दाबलं. काका उजळून निघाले. गाल तुळतुळीत, आणि चक्क हसत होते! मला वाटलं, सुटले. मावशी चष्मा लावून खूप वेळ बघत राहिली. तिला हवं होतं ते समोर होतं, घ्यायचं की नाही एवढाच प्रश्न होता. मग तिने फोन माझ्या हातात परत दिला. काकांचा डावा कान वरून जरा दुमडलेला होता, म्हणाली, इथे तर दोन्ही कान सरळ आहेत. याला जे दिसत नाही ते हा मनाने भरतो. दुसऱ्याच कापडाचं ठिगळ लावलंय.

तिथून पुढे बाईसाहेबांनी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. चौकडीच्या फडक्याला मधोमध भोक पाडून तिने त्याचा फोटो काढला, आणि येईल त्या सॉफ्टवेअरला आधी तेच भोक बुजवायला लावायचं. चौकडी जुळली तर पुढची बोलणी. दुसरं सॉफ्टवेअर मोठ्या नावाचं, फोटो स्टुडिओवाल्यांचं. उघडलं तर चारी बाजूंनी बटणंच बटणं, आणि कॉम्प्युटरचा पंखा असा घरघरायला लागला की शेजारीण डोकावून गेली. शिवाय त्याचं दरमहा भाडं. भाडं थकलं तर माझं अर्धं काम यांच्या कुलपात का, असं मावशीने विचारलं. मी हो म्हटल्यावर तिने ते स्वतःच्या हाताने बंद केलं.

तिसरं फुकटातलं होतं. दिसायला अगदीच बावळट, उघडायलाही वेळ लावणारं. पण त्यात एक शिक्का होता. फोटोतला एखादा चांगला तुकडा आधी निवडायचा, मग खराब जागेवर शिक्का फिरवायचा, की तोच तुकडा तिथे उतरतो. मावशी खुर्चीत सरसावून बसली. हे तर आतल्या शिवणीतून धागा काढणं झालं की, म्हणाली. चौकडी सुतासारखी सरळ जुळली.

मी एकच अट घातली. मूळ फोटोवर हात चालवायचा नाही. प्रत्येक दुरुस्तीला वर वेगळा कोरा थर घ्यायचा आणि ती त्यावरच करायची, ट्रेसिंगचा कागद ठेवल्यासारखी. थराशेजारी डोळ्याचं चित्र असतं, ते दाबलं की दुरुस्ती नाहीशी, खाली मूळ फोटो जसाच्या तसा. मावशीचा विश्वासच बसेना. उसवलं तरी भोक राहत नाही, असं कापड तिने जन्मात पाहिलं नव्हतं. दिवसभर तो डोळा उघड-मीट करत बसली.

मग तिने माझा पिच्छाच पुरवला. मी ऑफिसात असले तरी फोन. ही पट्टी सरकवली की सावली उठते, पण भिंत का पांढरी पडते? गालाचा रंग कुठून घेऊ, कपाळावरून की मानेवरून? मी करवादायचे, तरी सांगायचे. खरं तर मलाही बघायचंच होतं.

एक दिवस तिचा फोन आला, तोही नुसताच ये म्हणणारा. गेले तर चेहरा वर आला होता. भुवया, दुमडलेला कान, सगळं काकांचंच. घड्या गेलेल्या, ओरखड्याची एक रेघ शिल्लक नाही. आणि ओठ घट्ट आवळलेले.

"रागातच होते गं," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली. मला फार वाईट वाटलं. काहीतरी बरळण्यापेक्षा मी चहा टाकला.

तेवढ्यात तिचे धाकटे दीर आले. ते त्याच लाँड्रीत इस्त्रीला होते, फोटोत काकांच्या शेजारीच उभे आहेत. मावशीने त्यांना स्क्रीनसमोर बसवलं. ते स्क्रीनपाशी वाकले.

"वहिनी," ते म्हणाले, "दादाच्या तोंडातला दोरा कुठे गेला?"

फोटोवाला आला तेव्हा काका हातातलं काम टाकून उठले होते. दुकानात ते पुढचा दोरा ओठांत धरून ठेवायचे. घरी तसं करायची सोय नव्हती, मावशी ओरडायची, म्हणून तिच्या लक्षातच आलं नाही. फोटोवर रेघ दिसली, तिने ओरखडा समजून बुजवली. हाताची सवयच ती.

मावशीने ओरखडे बुजवलेल्या थराचा तेवढा डोळा मिटला, सावली उठवलेली तशीच ठेवून. सगळे ओरखडे परत आले, आणि त्यांतच ओठांपासून हनुवटीवर उतरलेली एक फिकट, किंचित वळलेली रेघ. आम्ही फोटो मोठा केला. दोराच होता.

"तोंड दोऱ्यासाठी मिटलंय," ती हळूच म्हणाली. "माझ्यावर नाही." मग एकदम दिरांकडे वळली. "भाऊजी, त्या दिवशी हातात काम कुठलं होतं?"

"तो पांढरा कोट, वहिनी. अर्धा राहिला होता. फोटो झाल्यावर दादाने हा दोराही कोटाच्या पुडीत ठेवला, तो तसाच राहिला. आम्हीच तो तुमच्याकडे पाठवला."

मावशीला आठवला. कॉलरला कागदाची पुडी टाचलेली होती, आत काकांनी काढून ठेवलेले दोरे. काकांचे दिवसकार्य झाल्यावर तिने पहिलं काम केलं ते तेच. एकही दोरा वाया न घालवता कोट पुरा करून दिला होता.

तिने बोट स्क्रीनवर, त्या रेघेवर ठेवलं.

"म्हणजे हा दोरा मी ओवलाय," ती म्हणाली.